जुना टाइपरायटर घरी कसा साफ करावा आणि कसा दुरुस्त करावा

वर्षानुवर्षे पडून असलेला टाइपरायटर चालत नाही असे दिसले की तो बिघडला आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला एखादा भाग तुटलेला असण्याची शक्यता कमी, आणि तो आतून चिकटून बसलेला असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. या यंत्रात वीज नाही की मोटर नाही. पोलादी दांड्या, तारा, स्प्रिंगा आणि एक दातेरी चाक एवढ्यावर त्याचे सगळे काम चालते, आणि हे भाग सहजासहजी मोडत नाहीत. मात्र कोणी तरी कधी काळी सढळ हाताने सोडलेले तेल हवेत राहून वार्निशासारखे घट्ट होते, त्यावर धूळ, रिबनचे तंतू आणि खोडरबराचा चुरा येऊन बसतो, आणि झटक्यात कागदापर्यंत पोहोचणारी दांडी अर्ध्या वाटेत अडकते.

म्हणून या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नीट पाहावे, मग साफ करावे, मग पुन्हा तपासावे, आणि एवढे करूनही दोष उरला तरच स्क्रूला किंवा पकडीला हात घालावा. हा क्रम उलटा झाला की नुसत्या चिकटलेल्या दांडीला वाकलेली समजून पक्कड लावली जाते आणि सरळ दांडी खरोखरच वाकते.

पुढील सूचना समोरून ठसा मारणाऱ्या, रोलरवर कागद दिसत राहील अशा यंत्रांसाठी आहेत. 1900 च्या सुमारास आलेल्या अंडरवुड 5 ने ही रचना रूढ केली आणि पुढच्या बहुतेक कंपन्यांनी तीच उचलली, त्यामुळे कचेरीतले जड यंत्र असो की 1950 मध्ये आलेल्या ऑलिव्हेट्टी लेटेरा 22 सारखे हातात धरून नेता येणारे यंत्र असो, आतली मांडणी ओळखीची निघते. विजेवर चालणारी आणि गोळ्यावर अक्षरे असलेली यंत्रे वेगळ्या जातीची असल्याने ती येथे धरलेली नाहीत.

आतली रचना आणि दोष ओळखण्याची रीत

कळ दाबली की तिच्या खालचा दांडा एक तार किंवा जोडदांडी ओढतो, त्या ओढीने टाइपबार अर्धवर्तुळाकार ठोकळ्यातल्या आपल्या खाचेत फिरून वर येतो आणि त्याच्या टोकावरचा अक्षराचा ठसा रिबनमधून कागदावर बसतो. खाचांचा हा ठोकळा म्हणजे सेगमेंट. वर येताना प्रत्येक टाइपबार युनिव्हर्सल बार नावाच्या एका समाईक पट्टीला ढकलतो. रोलर आणि कागद घेऊन आडव्या सरकणाऱ्या भागाला, म्हणजे कॅरेजला, एका वेळी एकच घर, म्हणजे एका अक्षराची जागा, पुढे सोडणारी जी यंत्रणा असते तिला एस्केपमेंट म्हणतात, आणि ही पट्टी सरकली की ती सुटते. कॅरेजला डावीकडे ओढण्याचे काम मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या गोल डबीत गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग करते. ही डबी आणि कॅरेजचे उजवे टोक यांना जोडणारी दोरी किंवा पट्टी म्हणजे ड्रॉबँड.

एवढी साखळी डोक्यात बसली की निदान सोपे होते. एकाच कळेने कॅरेज सरकत नसेल तर दोष त्या कळेच्या दांड्यात, तारेत किंवा टाइपबारमध्ये आहे. कोणत्याही कळेने आणि स्पेसबारनेही सरकत नसेल तर तो समाईक भागात, म्हणजे एस्केपमेंट, ड्रॉबँड किंवा मुख्य स्प्रिंग यांत शोधावा. स्पेसबारने सरकते पण अक्षरांनी सरकत नाही असे असेल तर युनिव्हर्सल बार पुरेसा मागे जात नाही हे जवळपास नक्की. एखाद्या दोषावर तासभर डोके खाजवण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा: हे सगळ्यांना होते आहे की एकाला?

काही गोष्टी दोष वाटतात पण नसतात. युरोपीय भाषांच्या यंत्रांवर स्वरचिन्हांच्या आणि देवनागरी यंत्रांवर काही मात्रांच्या कळा मुद्दाम अशा केलेल्या असतात की ठसा उमटतो पण कॅरेज जागची हलत नाही, कारण पुढचे अक्षर त्याच घरात यायचे असते. कॅरेज मुळीच हलत नसेल तर प्रवासासाठी असलेला तिचा अडसर लावून ठेवलेला आहे का, मार्जिनचे दोन्ही थांबे एकमेकांना चिकटून बसले आहेत का, हे आधी पाहावे. टाइपबार कागदावर आदळतो पण काहीच उमटत नाही अशी तक्रार असेल तर रिबनच्या रंगाचा खटका पाहावा. काळा, लाल आणि पांढरा अशा खुणांपैकी तो पांढऱ्यावर असेल तर रिबन वर उचललीच जात नाही, कारण ती जागा स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढण्याचा मेणकागद, कापण्यासाठी असते. अशी ठणठणीत यंत्रे ‘बंद पडली’ म्हणून टाकून दिलेली आढळतात.

साहित्य

मळ विरघळवण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन हे मुख्य द्रव्य. ते जुने तेल चांगले सोडवते आणि भाजलेल्या रंगाला सहसा त्रास देत नाही. रबरासाठी आणि ठशांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. त्याशिवाय दोन जुने टूथब्रश, एक बारीक चित्रकलेचा ब्रश, एक मऊ रुंद ब्रश, हवा मारण्याचा रबरी फुगा किंवा दाबाखालच्या हवेचा डबा, धागे न सुटणारी सुती फडकी, लाकडी टूथपिक, विजेरी आणि शिवणयंत्राचे हलके तेल एवढे पुरते. स्क्रूड्रायव्हरच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. या यंत्रांचे स्क्रू एका खाचेचे असतात, आणि पाते खाचेच्या लांबीरुंदीत तंतोतंत बसले नाही तर ते घसरून खाच सोलवटते. बारीक स्प्रिंगा ओढण्यासाठी टोकाशी आकडा असलेले हत्यार लागते. क्रोशाची बारीक सुई हे काम उत्तम करते.

गंज सोडवण्यासाठी घरोघरी असलेला फवारा सेगमेंटवर किंवा एस्केपमेंटवर मारू नये. तो मारल्यावर यंत्र काही दिवस सुरेख चालते, आणि द्रावक उडून गेल्यावर मागे राहिलेला पातळ थर धूळ धरून पूर्वीपेक्षा घट्ट बसतो. खाद्यतेल तर कोणत्याही परिस्थितीत नको.

टर्पेंटाइन आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेतात. खिडकी उघडी ठेवावी, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसावी, नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि भिजलेली फडकी बोळा करून न ठेवता बाहेर पसरून वाळवावीत.

उघडणे आणि धूळ काढणे

यंत्र उचलताना ते नेहमी खालच्या सांगाड्याला धरून उचलावे, कॅरेजला धरून कधीही नाही. टेबलावर जुनी चादर अंथरावी, म्हणजे सुटलेला स्क्रू घरंगळत जाणार नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वेगवेगळ्या छोट्या डब्यांत ठेवावेत, कारण दिसायला सारखे वाटणारे दोन स्क्रू लांबीने एखादा मिलिमीटर वेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतली एखादी दांडी अडवतो.

रिबनवरचे झाकण बहुधा नुसते उचलून निघते. खालचा पत्रा असेल तर तो काढावा. हातात नेण्याच्या यंत्रांत त्याचे स्क्रू अनेकदा रबरी पायांच्या आत लपलेले असतात. बाजूचे पत्रे निघत असतील तर काढावेत. कॅरेज मात्र खरोखर गरज असल्याशिवाय काढू नये. ती ज्या रुळांवर धावते त्यांत सुटे छर्रे किंवा छोटी चाके असतात, आणि कॅरेज टोकापलीकडे गेली की ती खाली सांडतात. स्वच्छतेचे जवळजवळ सगळे काम कॅरेज जागेवर ठेवून, तिला आलटून पालटून दोन टोकांना सरकवून करता येते.

रिबन काढून टाकल्यावर पहिली फेरी कोरडीच करावी. मऊ ब्रशने वरून खाली, मग हवेच्या झोताने आतून बाहेर. झोत नेहमी सेगमेंटपासून दूर जाईल असा धरावा. या टप्प्यावर जो राखाडी-गुलाबी चुरा पडतो तो खोडरबराचा असतो. जाणकार टंकलेखक खोडण्यापूर्वी कॅरेज एका टोकाला सरकवत, म्हणजे चुरा यंत्राबाहेर पडे. ज्या यंत्राच्या पोटात असा चुरा ढिगाने सापडतो त्याच्या मालकाला हा शिरस्ता ठाऊक नव्हता, एवढे निश्चित सांगता येते. आतल्या पत्र्यांना आवाज कमी करण्यासाठी लावलेले फेल्ट कोरडे असेल तर राहू द्यावे. तिथे फोम असेल आणि तो बोटाला चिकट लागत असेल किंवा भुगा होत असेल तर खरवडून काढून त्या जागी त्याच जाडीचे फेल्ट चिकटवावे.

सेगमेंट

सगळ्या कामातले सर्वाधिक फळ देणारे काम हे आहे, म्हणून ते घाईने उरकू नये.

आधी प्रत्येक कळ सावकाश, बोटाच्या टोकाने दाबून टाइपबार रोलरपर्यंत न्यावा आणि हळूच सोडावा. निरोगी टाइपबार आपल्या वजनाने आणि स्प्रिंगेने लगेच जागेवर परततो. जो अडखळतो, मध्येच थांबतो किंवा सुस्तपणे खाली येतो त्याचे अक्षर कागदावर टिपून ठेवावे. आता यंत्राच्या मागच्या बाजूखाली पुस्तक ठेवून ते पुढच्या अंगाला थोडे झुकवावे, खाली फडके अंथरावे, म्हणजे विरघळलेला मळ मागे एस्केपमेंटकडे न जाता पुढे वाहून येईल. बारीक ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून, झटकून, खाचांच्या वरच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. ओतू नये; प्रत्येक खाचेत एखादा थेंब उतरला की पुरे. पाचदहा मिनिटे थांबून प्रत्येक कळ वीस-पंचवीस वेळा चालवावी. दांडी खाचेत हलते तसा काळसर द्रव कडेवर येऊ लागतो. तो टूथब्रशने पुढच्या दिशेला ओढून फडक्यावर घ्यावा आणि हवेच्या झोताने खाचा मोकळ्या कराव्यात.

एका फेरीत काम होत नाही. वर येणारा द्रव स्वच्छ दिसेपर्यंत हेच पुन्हा करावे लागते, आणि फार जुन्या मळाच्या बाबतीत यंत्र रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी पुढची फेरी करणे बरे. फसवणारी गोष्ट अशी की द्रव ओला असताना तेच वंगणाचे काम करतो आणि सगळ्या कळा झकास चालतात. खरी परीक्षा पूर्ण वाळल्यावर करावी. वाळल्यावर पुन्हा अडखळणाऱ्या कळा पहिल्या यादीशी ताडून पाहाव्यात आणि फक्त त्या खाचांवर पुन्हा ब्रश चालवावा.

सेगमेंटला तेल लावायचे नाही, एक थेंबही नाही. ही खाच कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असते. सुस्त टाइपबारला तेल देऊन ‘मोकळा’ करण्याच्या मोहातूनच बहुतेक जुनी यंत्रे या अवस्थेला पोहोचलेली असतात.

खाच स्वच्छ होऊनही एखादा टाइपबार कागदाजवळच अडत असेल तर सेगमेंटच्या समोर, ठसा जिथे बसतो तिथली दोन कानांची दिशादर्शक फट पाहावी. टाइपबार तिच्या एका कडेला घासत असेल तर तो किंचित वाकलेला आहे; दोन कळा एकदम दाबल्या गेल्यावर अडकलेल्या दांड्या जोराने ओढल्यामुळे असे होते. सपाट जबड्याच्या पकडीने, ठशापासून दूर, दांडीच्या मधल्या भागावर अगदी हलका दाब द्यावा आणि प्रत्येक वेळी फटीत तपासावे. ठसा मात्र पकडीत धरू नये. तो बहुधा डाखलेला असतो आणि सुटून आला तर परत नेमक्या उंचीवर बसवणे घरी जमत नाही.

एखादी कळ इतरांपेक्षा खाली लोंबत असेल आणि दाबल्यावर काहीच विरोध जाणवत नसेल तर यंत्र उलटे न करता बाजूवर उभे करून खालून विजेरीने पाहावे. जोडतारेचा आकडा सुटलेला किंवा छोटी स्प्रिंग निसटलेली दिसेल. शेजारच्या कळेची जोडणी हाच नकाशा समजून ती आकड्याने परत अडकवावी. स्प्रिंग ताणून लांब होऊ देऊ नये.

ठसे, कळा आणि बाह्यांग

ज्या अक्षरांना बंद पोट असते, म्हणजे रोमनमध्ये ‘ई’, ‘ओ’, ‘ए’ ही लहान अक्षरे आणि देवनागरीत ‘ठ’ किंवा ‘छ’ यांच्यासारखी, त्यांत शाई आणि तंतू भरून घट्ट होतात आणि कागदावर पोटभर काळा ठिपका उमटतो. टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून ठशांवर फिरवावा, पण नेहमी टाइपबारच्या लांबीच्या दिशेने, सेगमेंटपासून स्वतःकडे. आडवा घासल्यास पातळ दांड्या वाकतात. उरलेला मळ लाकडी टूथपिकने काढावा. सुई किंवा पोलादी टोक वापरू नये.

कळांच्या बाबतीत त्यांचा प्रकार ओळखून हात लावावा. धातूच्या कड्यात काच बसवलेल्या जुन्या कळांमध्ये अक्षर काचेखालच्या कागदावर छापलेले असते. कड्याच्या फटीतून पाणी आत गेले की तो कागद डागाळतो, आणि हा डाग नंतर जात नाही. अशा कळा नुसत्या दमट फडक्याने पुसाव्यात. सेल्युलॉइडच्या कळांना अल्कोहोल किंवा अॅसिटोन लागू देऊ नये. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या कळा साबणाच्या कोमट पाण्याने निर्धास्त धुता येतात.

रंगावर कोणतेही द्रव्य लावण्यापूर्वी आतल्या बाजूला तपासून पाहावे. काळ्या चकचकीत यंत्रांवरची सोनेरी नावे वार्निशाच्या पातळ थराखाली असतात आणि अल्कोहोल किंवा अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव त्यांना क्षणात पुसून टाकतात. तिथे सौम्य साबणाचे पाणी, पिळलेले फडके आणि हलका हात एवढेच. सुरकुतलेल्या पोताच्या रंगावर मेण लावू नये, कारण ते सुरकुत्यांत पांढरे होऊन बसते. निकेल किंवा क्रोमच्या भागांवरचा वरवरचा गंज 0000 क्रमांकाच्या पोलादी लोकरीने, थेंबभर तेलासह, जपून निघतो.

कॅरेज आणि एस्केपमेंट

एस्केपमेंटमध्ये दातेरी चाकाशी दोन छोटे खटके काम करतात. एक स्थिर असतो, दुसऱ्याला स्वतःची बारीक स्प्रिंग असते. कळ दाबली की स्थिर खटका दातांत शिरून चाक अडवतो आणि स्प्रिंगेचा खटका बाहेर पडून पुढच्या दातासमोर उडी घेतो. कळ सोडली की स्थिर खटका निघतो, दुसरा पुढच्या दातात पकड घेतो, आणि कॅरेज एक घर सरकते. यंत्राच्या मागून विजेरी टाकून आणि स्पेसबार अगदी सावकाश दाबून हे प्रत्यक्ष पाहावे. एकदा ही हालचाल डोळ्यांनी पाहिली की पुढचे सगळे दोष आपोआप उलगडतात.

स्प्रिंगेचा खटका चिकटलेला असेल तर तो पुढच्या दाताकडे उडी घेत नाही आणि कॅरेज हलत नाही, किंवा उडी घेऊनही वेळेवर दातात शिरत नाही आणि दोन-तीन घरे एकदम सुटतात. दोन्हींवर पहिला इलाज एकच: त्या खटक्याच्या कण्यावर टर्पेंटाइनचा थेंब, वीस-तीस वेळा स्पेसबार, हवेचा झोत, आणि वाळल्यावर पुन्हा चाचणी. कॅरेज ज्या रुळांवर धावते ते टर्पेंटाइनने भिजवलेल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत आणि मग बोटाला लावलेल्या तेलाचा केवळ ओलावा त्यांवर फिरवावा. संपूर्ण यंत्रात तेलाची अशी जागा रुळांखेरीज फारशी उरत नाही.

घरे सुटतात की नाही हे डोळ्यांवर न सोडता मोजावे. पायका यंत्रात एका इंचात 10 आणि एलिट यंत्रात 12 अक्षरे बसतात. एकाच अक्षराच्या दोन ओळी, एक सावकाश आणि एक वेगाने, एकाखाली एक टाइप केल्या की जिथे रांगा फाकतात तिथे घर सुटलेले असते. वेगाच्या ओळीत अक्षरे एकमेकांवर चढत असतील तर कॅरेजला ओढ कमी पडते आहे, रुळांवर मळ आहे किंवा टाइपबार परतायला वेळ लावतो आहे.

ड्रॉबँड

कॅरेज हाताने दोन्हीकडे सहज सरकते पण डावीकडे ओढच जाणवत नाही, असे असेल तर ड्रॉबँड सुटला किंवा तुटला आहे. नुसता सुटला असेल तर टोक परत अडकवले की झाले. तुटला असेल तर विणलेली मासेमारीची दोरी त्याच्या जागी चांगली चालते. एकेरी नायलॉन तार ताणली जाते म्हणून ती टाळावी.

जुना ड्रॉबँड डबीवर कोणत्या दिशेने गुंडाळला होता आणि कोणत्या पट्ट्यांखालून जात होता याचे छायाचित्र आधी घ्यावे. कॅरेज डाव्या टोकाला सरकवून तिचा अडसर लावावा किंवा ती दोरीने बांधून ठेवावी. नव्या दोरीला डबीच्या खाचेत बारीक गाठ मारावी. कॅरेज उजव्या टोकाला गेल्यावरही डबीवर थोडी दोरी शिल्लक राहिली पाहिजे, एवढी लांबी ठेवावी. दोरी डबीवर पूर्ण गुंडाळावी, त्यावर आणखी दोन-तीन वेढे घ्यावेत आणि मग तेवढे वेढे ओढून काढत दुसरे टोक कॅरेजच्या उजव्या बाजूच्या आकड्यापर्यंत आणून अडकवावे. हे ओढून काढलेले वेढेच स्प्रिंगेचा सुरुवातीचा ताण ठरवतात. या सगळ्या वेळात डबी एका बोटाने घट्ट धरलेली असावी किंवा तिच्या आऱ्यांत लाकडी काडी अडकवलेली असावी. ती सुटून गरकन फिरली तर आतल्या स्प्रिंगेचे टोक निखळू शकते आणि बोटालाही चांगलाच फटका बसतो.

ताण किती असावा? जेवढ्याने ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत वेगाने टाइप करूनही अक्षरे एकमेकांवर चढत नाहीत तेवढाच, त्याहून अधिक नाही. कॅरेज डावीकडे जाते तसा ताण कमी होत जातो, म्हणून चाचणी ओळीच्या उजव्या टोकावर, म्हणजे शेवटच्या शब्दांवर करावी. अनेक यंत्रांत डबीच्या शेजारी दातेरी चाकाचा छोटा स्क्रू असतो आणि दोरी न सोडता ताण एकेक दाताने कमीजास्त करता येतो. जास्त ताण दिल्याने यंत्र चपळ होते हा गैरसमज आहे. त्याने खटक्यांचे दात झिजतात आणि कॅरेज परत ढकलताना हात दुखतो.

मोठी आणि लहान अक्षरे एका रेषेत आणणे

रोमन यंत्रावर शिफ्टने मोठे अक्षर आणि त्यालगत लहान अक्षर असे आळीपाळीने टाइप करावे. दोघांचे पाय एका रेषेत नसतील तर शिफ्टचे थांबे हलले आहेत, पण तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी शिफ्टच्या सांध्यांतला मळ काढावा. काही यंत्रांत शिफ्टने कॅरेज उचलली जाते आणि काहींत सेगमेंट खाली जातो, आणि दोन्हींत चिकटलेला सांधा पूर्ण हालचाल होऊ देत नाही. त्यानंतरही फरक राहिला तर दोन बाजूंचे दोन थांबास्क्रू शोधावेत, ज्यांना वरून नट घट्ट केलेला असतो. आधी खालचा थांबा असा लावावा की लहान अक्षर वरून खालपर्यंत सारखे काळे उमटेल. मग वरच्या थांब्याने मोठे अक्षर त्याच्या रेषेत आणावे. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये आणि मूळ जागेची पेन्सिलने खूण करावी. एकच अक्षर वरखाली असेल तर थांब्यांना हात लावण्यात अर्थ नाही.

रोलर आणि रबर

जुन्या रोलरचे रबर दगडासारखे होते. मग आवाज वाढतो, कागद घसरतो आणि पूर्णविराम कागदाला भोक पाडतो. अल्कोहोलने पुसून, वरचा चकाकता थर अतिशय बारीक पॉलिश कागदाने हलकेच काढला तर पकड बरीच सुधारते. घासताना रोलर सतत फिरता ठेवावा, नाहीतर त्यावर सपाट पट्टा पडतो. रबर मऊ करणारी द्रव्ये वारंवार वापरल्यास रबर फुगते आणि रोलरचा व्यास बदलला की ठशाचे अंतर बिघडते. घरच्या वापरासाठी सगळ्यांत साधा उपाय म्हणजे टाइप करायच्या कागदामागे एक जाडसर कागद ठेवणे. कागद ओढणाऱ्या छोट्या रबरी चाकांवर सपाट चट्टे पडले असतील तर योग्य मापाची रबरी नळी कापून त्यांवर बसवता येते. पूर्ण रोलरवर नवे रबर चढवायचे असेल तर ते कारागिराकडूनच करून घ्यावे.

रिबन

बहुतेक यंत्रांना अर्धा इंच, म्हणजे सुमारे 12.7 मिलिमीटर रुंदीची रिबन लागते. काही कंपन्यांच्या रिळांचा आकार स्वतःचा असतो, म्हणून जुनी रिळे फेकू नयेत. नवी रिबन त्यांवरच गुंडाळून घ्यावी. अनेक यंत्रांत रिबनच्या दोन्ही टोकांजवळ असलेले धातूचे छोटे कडे दिशा बदलणाऱ्या आकड्याला ढकलते आणि रीळ उलटे फिरू लागते. हे कडे नसेल तर रिबन टोकाला येऊन ताणली जाते आणि त्याच जागी ठसे बसून फाटते. अशा वेळी टोकापासून काही सेंटिमीटर अंतरावर छोटी गाठ मारली तरी काम भागते.

रिबन बसवताना तिचा मार्ग दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शक खुंट्यांमधून आणि मधल्या उचलणाऱ्या चिमट्यातून गेला आहे याची खात्री करावी. दोन रंगांची रिबन असल्यास काळा भाग वर असावा. काळ्यावर टाइप करताना अक्षरांचे पाय लाल उमटत असतील तर रिबन गरजेपेक्षा जास्त वर येते: उचलणाऱ्या चिमट्याच्या फटीतली शाई आणि तंतू काढावेत, खटका आपल्या खाचेत पूर्ण बसला आहे का पाहावे, आणि मगच त्याच्या जोडदांडीकडे वळावे. नव्या रिबनने पहिली काही पाने गडद आणि किंचित पसरट उमटतात, ते आपोआप कमी होते. पत्रे आणि झाकण बसवण्यापूर्वी एक पूर्ण पान सगळ्या कळा, दोन्ही मार्जिन, घंटा, टॅब आणि बॅकस्पेस वापरून टाइप करावे. झाकण लावल्यावर एखादी कळ नव्याने अडखळू लागली तर दोष यंत्रात नसून वाकड्या बसलेल्या पत्र्यात असतो, आणि त्याचा स्क्रू अर्धी फेरी सैल करून पत्रा सरळ केला की ती पुन्हा चालू लागते.